काट्याच्या केबिनमधला इशारा

गेल्या पावसाळ्यात, श्रावण लागण्याच्या आदल्या अमावास्येला, भर दुपारच्या उधाणात पेणकडच्या एका गावाचा खाडीच्या बाजूचा बांध फुटला. भातखाचरांत खारे पाणी शिरले. बांधातल्या उघाडीच्या दरवाजापाशी काम करत असलेले हसुराम हे शेतकरी वाहून गेले. त्यांचा मृतदेह दुसऱ्या दिवशी ओहोटीला जुन्या मिठागराच्या कडेला सापडला. पाणी धोक्याच्या खुणेवर गेल्याचा इशारा बांध फुटण्याच्या बराच आधी गावाबाहेरच्या वजनकाट्याच्या केबिनमधील संगणकाला मिळाला होता. तो कोणालाही दिसला नाही.

तो इशारा देणारे सॉफ्टवेअर ज्यांनी लिहिले, ते माझे जुने सहकारी. हसुराम त्यांच्या पत्नीचे थोरले भाऊ.

अलिबागच्या एका दैनिकात आम्ही बरोबर होतो. मी जिल्ह्याच्या बातम्या पाहत असे, ते संगणक पाहत. पाने लावायची यंत्रे, छापखान्याला पान पाठवायची सोय, अडकलेला कीबोर्ड, सगळे त्यांच्याकडे. अर्ध्या बाह्यांचा फिकट शर्ट, खिशात पेनाऐवजी स्क्रू-ड्रायव्हर, बोलणे हळू. कामाला लागल्याच्या पहिल्या दिवशी त्यांनी मला माझा पासवर्ड सांगितला आणि म्हणाले, "आता परत सांगा."

"कळला मला."

"कळला असेल. परत सांगा."

कोणालाही काहीही सांगितले की ते ऐकणाऱ्याकडून परत म्हणवून घेत. 'हो', 'ठीक आहे', मान हलवणे, यातले काहीच ते उत्तर म्हणून धरत नसत. चहावाल्याला "दोन कमी साखरेचे" सांगितल्यावर तो "आणतो" म्हणाला, तर ते त्याला थांबवत. नवे लोक हसत, जुने लोक वैतागून परत म्हणत आणि सुटका करून घेत. त्यांच्या पाठीमागे ऑफिसात त्यांची नक्कल चाले. ती त्यांना माहीत होती. नक्कल करणाराही शेवटी वाक्य परत म्हणतोच, एवढेच ते म्हणत.

एकदा पावसामुळे प्रवासी लाँच बंद राहणार असल्याची बातमी शेवटच्या क्षणी बदलली. लाँच सुरू राहणार होती. संपादक घरी होते. त्यांनी फोनवर नवा मथळा सांगितला. यांनी तो लिहून घेतला, वाचून दाखवला आणि म्हणाले, "आता तुम्ही म्हणा."

"अहो, मीच तर सांगितला तो!"

"मी वाचला तोच तुम्ही ऐकला का, ते मला कळायला हवं."

"मी संपादक आहे."

"म्हणूनच. परत सांगा."

संपादकांनी मथळा म्हटला. त्यात एक शब्द वेगळा निघाला. तो दुरुस्त करून पान गेले. 

दैनिकाची अलिबागची आवृत्ती बंद झाल्यावर ते नागावला स्वतःच्या वाडीत राहू लागले. नारळी-पोफळीची जुनी वाडी, पुढे घर, मागे पर्यटकांसाठी बांधलेल्या चार खोल्या. खोल्या त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, चालवत. हे तिथे बसून बाहेरच्या लोकांची सॉफ्टवेअरची कामे घेत. टेबल पोफळींच्या सावलीत असे. मुंग्या संगणकात जातात म्हणून त्याचे चारही पाय पाण्याने भरलेल्या करवंट्यांत ठेवलेले. पाणी आटले की काम थांबवून ते करवंट्या भरत.

घराला बेल नव्हती. होती ती त्यांनी काढून टाकली होती. बेल वाजवणाऱ्याला आत ऐकू गेले की नाही ते कळत नाही, हे कारण. पर्यटकांना आंघोळीचे पाणी तापल्याचे ते स्वतः जाऊन सांगत आणि आतून वाक्य परत येईपर्यंत दारात उभे राहत. मुंबईहून आलेल्या एका जोडप्याने याबद्दल वहिनींकडे तक्रार केली. वहिनी त्यांना म्हणाल्या, "तुम्ही दोन दिवस आहात. मी लग्न केलंय."

हे लग्न दोन्हीकडच्यांना पसंत नव्हते. ते वाडीवाल्यांचे, वहिनी खाडीकाठच्या खारपट्ट्यातल्या आगरी घरातल्या. नागावकडून लग्नाला कोणी आले नाही. वहिनींच्या बाजूने हसुराम एकटे उभे राहिले. ते बहिणीला माहेरी येऊ देत, जावयाला मानाने वाढत, आणि जेवताना त्यांची फिरकी घेत.

"भावजी, मासा वाढलाय. परत सांगू का?"

"तुम्ही नाही, मी सांगायचं. मासा वाढला."

"मंग आता खा."

हसुरामांच्या गावची शेती भरतीच्या पातळीखाली आहे. खाडी आणि भात यांच्यामध्ये मातीचा बांध. बांधात ठिकठिकाणी लाकडी झडपांचे दरवाजे असतात, त्यांना उघाडी म्हणतात. ओहोटीला आतले पावसाचे पाणी त्यातून बाहेर जाते, भरतीला झडप मिटते. उधाणाच्या दिवसांत प्रत्येक खातेदार घराने एक माणूस बांधाच्या राखणीला द्यायचा, ही तिथली जुनी रीत. भेग दिसली की हाळी द्यायची आणि गावाने फावडी घेऊन धावायचे. हसुराम त्या राखणीचे मुख्य होते. अलीकडे राखणीला माणसे मिळत नव्हती. खाडीपलीकडे कंटेनरची यार्डे झाली आणि गावातले निम्मे पुरुष ट्रेलरवर गेले. उरलेले लावणीच्या दिवसांत बांधावर बसायला तयार नसत.

"आता राखणीला कोन, तं मी आनि दोन म्हातारे," हसुराम मेव्हण्यांना म्हणाले. "एकाला दिसत नाय, एकाला आयकू येत नाय. दोघं मिलून एक मानूस हाय. तुमी तुमच्या त्या डब्यातून कायतरी करा."

त्यांनी केले. उघाडीपाशी लोखंडी नळीत एक तरंगता गोळा बसवला. पाणी चढले की गोळा चढतो आणि त्याची उंची बिनतारी यंत्राने दूर पोचते. दूर म्हणजे कुठे, हा प्रश्न होता. मोबाइल त्यांनी नाकारला. खारात रेंज येते-जाते, आणि फोन चिखलात काम करणाऱ्याच्या खिशात नसतो. त्यांनी गावाबाहेरची वजनकाट्याची केबिन निवडली. तिथे यार्डात जाणाऱ्या ट्रेलरचे वजन होई. संगणक कायम चालू, समोर माणूस कायम जागा, छपरावर आगीसाठी लावलेला भोंगा. संगणकाच्या पडद्यावर सूचना उमटेल, ऑपरेटर भोंगा वाजवील, गाव धावेल. यार्डाच्या मालकांची हरकत नव्हती. त्यांच्या नवी मुंबईतल्या संगणक विभागाची एकच अट होती. केबिनच्या संगणकावर बाहेरून आणलेले काही टाकायचे नाही. संगणक-कंपनीच्या अॅप स्टोअरमध्ये मंजूर झालेले असेल तरच चालेल.

अशा रीतीने एका गावाच्या बांधाचा इशारा स्टोअरच्या परीक्षणाला गेला.

स्टोअरमध्ये जाणाऱ्या अॅपला सँडबॉक्समध्ये राहावे लागते. म्हणजे त्याला बंदिस्त जागा मिळते. त्याबाहेरच्या कशालाही त्याने परस्पर हात लावायचा नाही. पडद्यावर साधी सूचना दाखवायची तरी ती संगणकाच्या मूळ प्रणालीकडे द्यायची, आणि दाखवायची की नाही ते प्रणाली ठरवणार. हे त्यांनी हसुरामना वाडीतल्या टेबलापाशी समजावले. मी त्या दिवशी तिथे होते.

"म्हंजे पावन्यासारखा," हसुराम म्हणाले. "पडवीत बसायचा. पानी पायजे तं मागायचा. सयपाकघरात जायचा नाय."

"बरोबर. परत सांगा."

"आता माझाच मी परत सांगू?"

पहिला अर्ज नाकारला गेला. स्टोअरच्या परीक्षकाला सूचना दिसली नव्हती. त्यांच्या स्वतःच्या संगणकावर ती दरवेळी दिसत होती. बऱ्याच खटपटीनंतर त्यांना कारण सापडले. बंदिस्त जागेतल्या अॅपला बोलण्यासाठी प्रणालीकडे नोंदलेली ओळख लागते. ती ओळख एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी किंचित वेगळी लिहिली गेली होती. अशा वेळी प्रणाली सूचना नाकारत नाही. ती घेते, 'घेतली' म्हणून कळवते आणि टाकून देते.

याचा त्यांना जेवढा राग आलेला मी पाहिला तेवढा दैनिक बंद झाले तेव्हाही पाहिला नव्हता. ते करवंट्यांत पाणी ओतत होते आणि तेच तेच बोलत होते. "नाही म्हण. तोंडावर नाही म्हण. नाही म्हणायला काय जातं? घेतो म्हणायचं आणि मागच्या दारानं फेकून द्यायचं."

"कोणाला बोलताय?" वहिनींनी स्वयंपाकघरातून विचारले.

"मशीनला."

"ते परत म्हणेपर्यंत थांबणार असाल तर चहा झाकून ठेवते."

दुसऱ्यांदा परवानगीच्या प्रश्नावरून अर्ज परत आला. सूचना दाखवण्याची मुभा कशासाठी हवी, ते आधी वापरणाऱ्याला समजावा, मग विचारा, असे परीक्षकाचे म्हणणे. त्यांनी तसे पान जोडले. मग प्रत्यक्ष वापराची चित्रफीत मागितली गेली. त्यांनी हसुरामना बांधावर उभे करून चित्रण केले. मी ते पाहिले आहे. हसुराम गुडघ्यापर्यंत चिखलात आहेत, मागे खाडी आहे, आणि ते सरळ कॅमेऱ्यात बघत बोलतात. "सायेब, ह्यो आमचा बांध. ह्यो फुटला का आमी गेलो. तुमी कुठं बसलाव ता आमाला ठाव नाय. तुमच्या घरात पानी येत नसंल तं बरा हाय. पन येवढा पास करा." चित्रफितीतील व्यक्ती संगणक वापरताना दिसत नाही, असे उत्तर आले.

परीक्षकाबद्दल ते वाईट बोलत नसत. उत्तरे साच्यातली असत, खाली नाव नसे, तरी ते त्याला एक माणूस मानून चालत. "तो काळजीने वाचतो," असे म्हणत. वहिनींना हे पटत नसे. यंत्रच यंत्राला उत्तरे देत असेल, असे त्यांचे मत होते.

तिसऱ्या वेळी जी हरकत निघाली ती मुख्य होती. त्यांच्या अॅपमध्ये सूचनेबरोबर एक बटण होते. पाण्याची उंची आणि 'भोंगा वाजवला' असे शब्द. ते दाबले जाईपर्यंत सूचना पुन्हा पुन्हा उमटत राही. त्यांच्या दृष्टीने सगळे अॅप म्हणजे ते बटण होते. बाकीचा भाग, त्यांच्याच शब्दांत, कोणीही लिहिला असता. परीक्षकाने लिहिले की दाद मिळेपर्यंत सूचना पुन्हा पुन्हा दाखवणे नियमात बसत नाही, सूचनेकडे दुर्लक्ष करण्याचा वापरणाऱ्याला हक्क आहे.

त्यांनी मला फोन केला. "बातमीदार, वाक्य ऐका." त्यांनी ते मराठीत करून वाचले. मी परत म्हटले.

"आता सांगा, हा माणूस चुकीचं बोलतोय का?"

मी विचार करून नाही म्हणाले.

"नाही ना? दुकानाच्या जाहिरातींसाठी हा नियम मीही केला असता. त्याच्यापुढे हजार अॅपं आहेत, त्यातली नऊशे नव्व्याण्णव लोकांना छळणारी. त्याने आमच्यासाठी वेगळा दरवाजा ठेवायला हवा."

दरवाजा होता. जिवावरच्या इशाऱ्यांसाठी वेगळी परवानगी मिळते. तिच्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेचे पत्र लागते. गावकी ही कुठे नोंदलेली संस्था नाही. त्यांनी सरकारी कार्यालयात दोन खेपा घातल्या. पत्र कोणत्या शाखेने द्यायचे ते ठरले नाही. त्यांनी पत्राशिवाय अर्ज केला, त्याला उत्तर आले नाही. पावसाळा जवळ आला.

हसुराम फणस घेऊन नागावला आले. ओटीवर बसून त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"भावजी, ता बटन ऱ्हाऊंदे. येकदा दिसला तरी बास हाय. काट्यावरला किशोर काय आंधला हाय का?"

"प्रश्न त्याच्या डोळ्यांचा नाही, दादा."

"मंग काय? तुमाला पायजे तसा नाय भेटला म्हनून काईच नको? आमी म्हाताऱ्यांच्या भरवशावर बसू?"

वहिनी दारात उभ्या होत्या. "दादा म्हणतोय तर काढा ते," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी घाला परत."

बटण काढले. अर्ज मंजूर झाला. मंजुरीचा संदेश त्यांनी कोणाला वाचून दाखवला नाही, असे वहिनी सांगतात.

किशोर हा काट्याच्या केबिनमधला दिवसपाळीचा ऑपरेटर. म्हसळ्याकडचा, तिशीतला, यार्डाजवळ भाड्याच्या खोलीत बायको आणि मुलीसह राहणारा. गावाशी त्याचे नाते नव्हते, पण त्याने आनंदाने होकार दिला होता. अॅप बसवायला हे गेले तेव्हा त्याने त्यांना स्वतःची खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि ट्रेलर थांबवून वजनाचे सॉफ्टवेअर बंद केले. पुढेही ते चाचणीला येत तेव्हा तो असेच करी. ते उघाडीवर कोणाला तरी गोळा वर उचलायला सांगत, केबिनच्या पडद्यावर कोपऱ्यात सूचना उमटे, किशोर वाचे, परत म्हणे, भोंगा वाजवी. प्रत्येक चाचणी यशस्वी झाली.

पहिला पावसाळा राखण चालू ठेवा, असे त्यांनी गावकीला बजावले होते आणि परत म्हणवूनही घेतले होते. ज्येष्ठात ती चालू होती. आषाढात लावणीला माणसे कमी पडली. एका उधाणाला दोन्ही म्हातारे आले नाहीत आणि काही बिघडले नाही. त्यानंतर राखण बंद झाल्याचे त्यांना कोणी कळवले नाही.

अमावास्येच्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. यार्डाबाहेर ट्रेलरची रांग लागली होती. भरती चढू लागली तेव्हा उघाडीच्या झडपेत वाहून आलेले ओंडके अडकून ती मिटेनाशी झाली. हसुराम पहार घेऊन खाली उतरले. शेजारच्या खाचरात लावणी करणाऱ्या दोन बायकांनी त्यांना वर यायला सांगितले. "भोंगा वाजला का येतो," असे ते म्हणाल्याचे दोघींनी पोलिसांना सांगितले आहे. भोंगा वाजला नाही. बांध उघाडीला लागूनच फुटला.

त्याच दुपारी गावातले काही तरुण केबिनवर गेले. किशोर झोपला होता असे ते म्हणत होते. त्यांनी त्याला बाहेर ओढले. त्याचा डावा हात मोडला. यार्डाने त्याला कामावरून कमी केले, पोलिसांनी त्याचा जबाब घेतला. कोणतीही सूचना पडद्यावर आली नव्हती, असे तो म्हणाला. अॅपच्या नोंदीत 'सूचना दिली' असे होते. संगणक खोटे बोलत नाही, हे वाक्य त्या आठवड्यात मी गावात अनेकांकडून ऐकले.

माझ्या सहकाऱ्यांनी मात्र ते म्हटले नाही. अंत्यसंस्कार झाल्यावर ते किशोरच्या खोलीवर गेले आणि त्याला केबिनमध्ये चलायची विनंती केली. त्याची बायको नको म्हणत होती. तो आला. मी बातमीसाठी गावात होते, त्यांनी मलाही बोलावले. नवा ऑपरेटर बाजूला उभा राहिला. किशोरने सवयीने खुर्ची पुसली आणि ती पुढे केली.

"नको. तू बस," ते म्हणाले. "रोज बसतोस तसा. मी इथे नाही असं समज. माझ्यासाठी काही करू नकोस."

किशोर बसला. प्लॅस्टरमधला हात त्याने मांडीवर ठेवला आणि उजव्या हाताने वजनाचे सॉफ्टवेअर उघडले. ते सगळ्या पडद्यावर पसरले. घड्याळ नाही, खालची पट्टी नाही, फक्त वजनाचे मोठे आकडे. बाहेर एक ट्रेलर काट्यावर चढला. त्यांनी फोनवरून उघाडीवरच्या माणसाला गोळा उचलायला सांगितले आणि त्याच्याकडून ते परत म्हणवून घेतले. गोळा वर गेला. पडद्यावर काही आले नाही. ट्रेलर उतरला, दुसरा चढला. काही आले नाही.

एखादे अॅप सगळा पडदा व्यापून असेल तर मध्ये व्यत्यय नको म्हणून प्रणाली इतरांच्या सूचना दाखवत नाही. बाजूला ठेवून देते. हा नियम त्यांना माहीत होता, तो लपवलेला नाही. पण वजनाचा पडदा त्यांनी उघडा असा कधी पाहिलाच नव्हता.

"हे रोज असं मोठं असतं?" त्यांनी विचारले.

"दिवसभर, सर. तुम्ही आलात की मी बंद करायचो. तुम्हाला मोकळं दिसावं म्हणून."

"आणि बटण असतं तर?"

प्रश्न कोणाला होता ते कळले नाही. नंतर त्यांनी स्वतःच मला सांगितले की बटण असते तर अॅपला दाद न मिळाल्याचे कळले असते आणि इशारा थेट भोंग्याकडे वळवता आला असता. तशी सोय पहिल्या अर्जात होती. बटणाबरोबर तीही निघाली.

गावकी मारुतीच्या देवळात बसली. हसुरामांचे दिवस झाले नव्हते, म्हणून घरची माणसे येणार नाहीत असे सगळ्यांनी धरले होते. पण हसुरामांच्या पत्नी आल्या आणि खांबाला टेकून बसल्या. वहिनी त्यांच्या शेजारी होत्या, नवऱ्याच्या बाजूला नव्हत्या.

त्यांनी उभे राहून सगळे सांगितले. बटण, परीक्षक, पडदा, चाचण्या. कोणाला किती कळले ते सांगता येत नाही. शेवटी ते म्हणाले, "किशोर झोपला नव्हता. परत सांगा."

पुढे बसलेल्यांनी पाटलांकडे पाहिले.

गावकीचे पाटील वयस्कर होते. ते म्हणाले, "सर, तुमी घरची मानसं. तुमाला कोन काय बोललाय का? बसा."

"मला नाही बोललात. त्याचा हात मोडलात. किशोर झोपला नव्हता. परत सांगा."

"कलला, सर."

"पाटील, कळलं नको. परत सांगा."

मागून एक तरुण म्हणाला, "हितं काय शाला हाय?" दोघे-तिघे हसले, मग थांबले. ते उभेच होते.

"किशोर झोपला नवता," खांबापाशी बसलेल्या हसुरामांच्या पत्नी म्हणाल्या.

सगळे तिकडे वळले. त्यांनी पदर सारखा केला आणि नणंदेच्या यजमानांकडे पाहिले. "आता माझा येक सांगा. भोंगा वाजला आसता, तं ते वर आले आसते?"

"बांध फुटायला तेव्हा वेळ होता," ते म्हणाले.

"ता नाय इचारला मी."

"हो. आले असते."

"बरा," त्या म्हणाल्या आणि उठून घरी गेल्या. वहिनी त्यांच्याबरोबर गेल्या.

त्यांनी पोलिसांकडे जबाब दिला. किशोरवर गुन्हा दाखल झाला नाही. यार्डाने त्याला परत बोलावले, तो गेला नाही. तो कुटुंबासह म्हसळ्याला राहतो. मारहाणीची तक्रार त्याने दिलेली नाही. बांधाची खांड गावाने आणि यार्डाच्या यंत्रांनी मिळून बुजवली. त्या खारात यंदा भात झाले नाही. वहिनी गणपतीनंतर नागावला परतल्या. खोल्या सुरू आहेत. नवऱ्याशी त्या कामापुरते बोलतात, असे त्यांनीच मला सांगितले.

अॅप सुरुवातीला एका गावासाठी लिहिले होते, पण गोळा आणि नळी कशी बसवायची याची माहिती त्यांनी स्टोअरच्या पानावर सगळ्यांसाठी ठेवली होती. केबिनशिवाय आणखी दोन संगणकांवर ते उतरवले गेले असल्याचे त्यांना पावसाळ्यानंतर दिसले. स्टोअर केवळ संख्या दाखवते. ते कोणाचे, कोणत्या किनाऱ्यावरचे, त्यांच्या भरवशावर कोण, हे सांगत नाही. त्यांनी विचारणा केली. वापरणाऱ्यांची माहिती देता येत नाही, असे उत्तर आले.

त्यांनी नवी आवृत्ती तयार केली. ती उघडताच 'या इशाऱ्यावर विसंबू नका, बांधावर माणूस ठेवा' एवढेच दिसे. ती परीक्षणात नाकारली गेली. अॅप वर्णनाप्रमाणे काम करत नाही, हे कारण होते. मग त्यांनी अॅप स्टोअरमधून काढून घेतले. त्यामुळे नवीन कोणाला ते मिळत नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून ते जात नाही.

त्यानंतर ते मी सध्या काम करते त्या वृत्तपत्राच्या कार्यालयात आले. चार ओळींचे निवेदन त्यांनी लिहून आणले होते. खारभूमीतल्या ज्या गावाने हे अॅप बसवले असेल त्याने ते बंद करावे आणि खालील क्रमांकावर फोन करावा. मी ते वाचून दाखवले. त्यांनी ऐकले आणि ते गेले. निवेदन जिल्ह्याच्या पानावर छापून आले. किनाऱ्यावरच्या इतर जिल्ह्यांतल्या वृत्तपत्रांनाही त्यांनी ते पाठवले, त्यांपैकी दोघांनी छापले.

फोन आलेला नाही. स्टोअरच्या आकड्याप्रमाणे त्या दोन संगणकांवर ते अजून चालू आहे.